मधली ओळ

शेख मुनीर शेख कादर हे अकोल्याच्या जुन्या शहरातले मोटार मेकॅनिक मागच्या हिवाळ्यात, एका बुधवारी सकाळी राहत्या घरी वारले. वय सत्तरीच्या आसपास होतं. नक्की जन्मसाल त्यांच्या मुलीलाही माहीत नव्हतं. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच दिवशी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजनंतर दफन झालं. त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला होता. डाव्या डोळ्यातला तसाच होता. तो त्यांनी काढू दिला नव्हता.

मुनीरभाईंच्या दुकानात गाडीची तक्रार सांगायची सोय नव्हती. गाडी उभी करून मालक बोलायला लागला, की ते पाना धरलेला हात वर करायचे. "तू चूप बैस. पयले त्याले बोलू दे." 'तो' म्हणजे स्पार्क प्लग. प्लग खोलून दुकानाबाहेर उन्हात न्यायचा, घड्याळजी लावतात तसलं भिंग डोळ्याला लावायचं आणि प्लगच्या टोकाकडे बघत राहायचं, हा त्यांचा रिवाज होता. त्या टोकाला ते तोंड म्हणत. "मालक खोटं बोलते. इंजिन बी खोटं बोलते, थंडं असलं का एक, तापलं का दुसरं. प्लग एकटा खरं बोलते. आतमंदी जे झालं ते त्याच्या तोंडावर उमटून येते."

मी तेव्हा अकोल्यात एका दैनिकाचा वार्ताहर होतो. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात त्यांचं दुकान होतं, आणि कार्यालयाची मोटारसायकल त्यांच्याकडे दुरुस्तीला जात असे. पहिल्या भेटीत त्यांनी प्लग खोलला, भिंगातून पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेपरवाले, तोंड काळं केलं तुमी हिचं. चोक वढलेलाच ठेवून पळवता. बायको घाई करते का संपादक?" बाकड्यावर बसलेले हसले. चोक ओढलेलाच राहत होता, हे खरं होतं.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एका जुन्या दाराची फळी टांगलेली होती. तिला ते पाटी म्हणत. पाटीवर खिळ्यांच्या तीन ओळी आणि खिळ्यांना बारीक तारेने बांधलेले जुने प्लग. वरच्या ओळीतले पांढरे पडलेले. ते जास्त तापलेल्या इंजिनांचे. खालच्या ओळीतले काजळी धरलेले. जादा पेट्रोलमुळे त्या प्लगना पुरेशी धग मिळालीच नव्हती. मधल्या ओळीतले फिकट तपकिरी, चहात बुडवून काढलेल्या बिस्किटाच्या रंगाचे. हा रंग म्हणजे इंजिनाचा ताळमेळ बरोबर जमला. नव्या गिऱ्हाइकाला ते पाटीसमोर उभं करायचे. "हा वरचा तापानं मेला. हा खालचा खाऊन खाऊन मेला. हे मधातले जिते हायेत." मधल्या ओळीत प्लग जाणं ही त्यांच्याकडची शाबासकी होती आणि ती ते सहजी देत नसत. नवा प्लग नेहमी ओळीच्या उजव्या टोकाला टांगला जाई. त्यामुळे डावीकडचे सर्वांत जुने होते. हा क्रम पुढे महत्त्वाचा ठरला.

मुनीरभाईंचं नाव झालं ते टू-स्ट्रोक मोटारसायकलींवर. अमरावती आणि अकोल्याला मातीच्या मैदानावर शर्यती होत, तेव्हा कॉलेजातली पोरं शर्यतीच्या आदल्या दिवशी गाड्या त्यांच्याकडे आणून टाकत. प्लग चुकला तर टू-स्ट्रोक इंजिन शर्यतीच्या मध्येच जखडतं. त्यांनी तयार केलेली गाडी जखडत नाही, एवढी ख्याती पुरेशी होती. ते नम्र नव्हते. दुसऱ्या मेकॅनिकचं नाव कुणी काढलं तर विचारायचे, "कोन थो? प्लग बदलनारा का प्लग पाह्यनारा?"

त्यांच्यासोबत सुधाकर तायडे होता. तेल्हाऱ्याचा. आयटीआय करून कामाला लागला आणि पुढे दुकानात भागीदार झाला. वयाने मुनीरभाईंपेक्षा बराच लहान, बोलायला कमी. पाटी कशी वाचायची हे त्याला मुनीरभाईंनीच शिकवलं होतं. दुकानाच्या कुलपाला दोन किल्ल्या होत्या, एक मुनीरभाईंकडे आणि एक सुधाकरकडे. दुकान शुक्रवारी दुपारी बंद असे आणि चौदा एप्रिलला दिवसभर. चौदा एप्रिलला सुधाकर तेल्हाऱ्याला मिरवणुकीत असायचा. "तो नाई तं मी एकटा उघडून काय गाड्याइले लोरी म्हनू का?" असं मुनीरभाई विचारायचे.

दोघांची बोलाचाली दिवसभर चाले. मुनीरभाई शिव्या घालत, सुधाकर पाना पुढे करत राही. एकदा सुधाकरने कार्ब्युरेटर जोडताना काहीतरी उलटं बसवलं. मुनीरभाई म्हणाले, "काहून बे, तेल्हाऱ्यात सारं असंच असते का? पाय वर अन् डोकं खाली?" सुधाकर म्हणाला, "तुमीच शिकवलं, मुनीरभाई. अकोल्याचं हाये हे." पुढचा संबंध दिवस मुनीरभाई ते वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

त्याच काळात मुनीरभाईंची एक तक्रार सुरू झाली. शुक्रवारचा पांढरा कुर्ता नीट धुतला जात नाही, ही ती तक्रार. तो पिवळट दिसतो म्हणून त्यांनी घरात साबण बदलायला लावला, मग धोबी बदलला, मग नवा कुर्ता शिवला. नवाही त्यांना मळका वाटला. त्यांची मुलगी रुबीना अमरावतीला दिलेली आहे. ती माहेरी आली की म्हणायची, "अब्बा, सफेदच हय." ते म्हणायचे, "तुमको क्या मालूम सफेद क्या होता हय." पत्नी पूर्वीच वारल्या होत्या. घरात दुसरं पाहणारं कुणी नव्हतं. दुकानात याची थट्टा होई. कुणी त्यापलीकडे विचार केला नाही.

मग दुकानात एक लाल गाडी आली, ती नितीनची. नितीन वरुडजवळच्या शेंदूरजनाघाटचा, संत्र्यांचा व्यापारी. अमरावतीला शिकत असताना तो मोटारसायकलच्या शर्यतीत उतरायचा, आणि त्याची गाडी मुनीरभाई तयार करायचे. आता त्याने दोन दारांची, दोन माणसं बसतील अशी जुनी परदेशी स्पोर्ट्स कार घेतली होती आणि पुण्याहून तिला सुपरचार्जर बसवून आणला होता. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. तो सिलिंडरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोल वाढतं, ताकद वाढते आणि आतली उष्णताही वाढते. बसवणाऱ्यांनी प्लग मूळचेच ठेवले होते, आणि जोरात पळवलं की इंजिनातून खडखड आवाज येत होता. नितीन म्हणाला, "मुनीरभाई, पुन्याचे लोक म्हनते आनून दाखवा. मी म्हनलं पयले आपल्या मानसाले दाखवतो."

मूळचे प्लग बदलायचे, याबद्दल दोघांत मतभेद नव्हता. प्लगला थंड किंवा गरम म्हणतात ते त्याच्या ठिणगीवरून नव्हे. टोकाला लागलेली उष्णता किती लवकर इंजिनाच्या धातूत उतरते, त्यावरून. सुपरचार्जरच्या इंजिनात साधा प्लग निवत नाही. त्याचं टोक निखाऱ्यासारखं लाल राहतं आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवतं. पिस्टन वर येत असतानाच त्याच्यावर स्फोट होतो. म्हणून लवकर निवणारा, म्हणजे थंड प्लग घ्यायचा. पण फार थंड घेतला तर गाडी गावात हळू चालताना टोकावरची काजळी जळत नाही आणि ठिणगीच पडेनाशी होते. प्रश्न एवढाच होता, की मूळच्यापेक्षा एक नंबर थंड की दोन.

मुनीरभाईंनी एक नंबर थंड बसवला. मग गाडी पातूर रस्त्यावर नेली. पाहण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण जोर लावायचा, त्याच जोरात असताना चावी बंद करायची आणि गाडी आपोआप थांबू द्यायची. इंजिन नंतर सावकाश फिरू दिलं तर प्लगच्या तोंडावरचा पुरावा पुसला जातो. गाडी कडेला थांबली, चारही प्लग खोलले. मी त्या दिवशी सोबत होतो; अशा गाडीवर एक रविवारचा मजकूर करायचा होता. नितीन बोनेटला टेकून उभा होता.

मुनीरभाईंनी भिंग लावलं, एकेक प्लग उन्हात फिरवला आणि म्हणाले, "बिस्किट. चारई बिस्किट."

सुधाकरने प्लग हातात घेतले. बराच वेळ पाहिले. "मुनीरभाई, पांढरे पडले हे. अजून एक नंबर थंड लागते."

"कुठं पांढरे? डोळे हायेत का बटनं?"

"कडेले वितळल्याचे बारीक दाने बी दिसून राह्यले."

"दोन नंबर थंड टाकू, अन् वरुडच्या बजारातून एक चक्कर मारली का गाडी काळं तोंड घेऊन उभी राहीन. मंग नितीनभाऊ ढकलत नेतीन का शेंदूरजनाले? संत्र्याइच्या ट्रकले बांधून?"

नितीन हसला. सुधाकर म्हणाला, "काळी झाली तं प्लग पुसता येते. पांढरी झाली तं इंजिन जाते."

"म्या शिकवलं तुले हे," मुनीरभाई म्हणाले. "मलेच नको शिकवू."

सुधाकरने प्लग परत दिले. दुकानात परतल्यावर मुनीरभाईंनी त्याच नंबरचे नवे चार प्लग बसवले. पातूर रस्त्यावर खोललेले चार त्यांनी तारेने बांधले आणि पाटीवर मधल्या ओळीत, उजव्या टोकाला टांगले. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, शेवटी सुधाकरने तपासलं; ती पुढे सरकली तरी इंजिन असंच तापून जळतं. गाडी गेली. मजकुरासोबत छापायला पाटीचं छायाचित्र घेतलं होतं. ते छापलं गेलं नाही.

काही आठवड्यांनी, अकोल्याहून अमरावतीकडे जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीच्या मागून निळसर धूर निघाला आणि ताकद गेली. नितीनने ती कडेला घेतली. कुणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर लादून जुन्या शहरात आणली. इंजिन खोललं तेव्हा तिसऱ्या पिस्टनच्या कडेला बोराएवढं भोक होतं. त्या सिलिंडरच्या प्लगचं टोक वितळलेलं होतं.

दुपारची वेळ होती. गाडी अशी, की गल्लीतले लोक जमलेच होते. मीही त्यांत होतो. मुनीरभाईंनी पाटीवरचे चार प्लग सगळ्यांना दाखवले. "हे पाहा. माह्ये प्लग बराबर होते. इथं लटकून हायेत. मंग जळलं काहून? टायमिंग कोनं पाह्यलं आखरीले?"

सुधाकर म्हणाला, "मी पाह्यलं. होतं तिथंच हाये."

"पुढं सरकवलं तू."

"मुनीरभाई, मी हात बी नाई लावला."

"तुले माह्यावर खरं व्हायचं होतं. तिथं रस्त्यावर तुह्यं ऐकलं नाई म्हून तू गाडी जाळली."

नितीन मध्ये पडला. "जाऊ द्या ना मुनीरभाई, मशीनच हाये ते." मुनीरभाईंनी ऐकलं नाही. तेच वाक्य ते पुन्हा बोलले, आणि शेवटी 'बेइमान' हा शब्द वापरला. सुधाकरने हात पुसले, खुंटीवरची डब्याची पिशवी घेतली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. किल्ली त्याच्या खिशात होती. ती परत द्यायला तो आला नाही. मुनीरभाईंनीही मागवली नाही आणि कुलूपही बदललं नाही.

नितीनने गाडी पुण्याला नेली. तिथे इंजिन नव्याने बांधलं गेलं आणि प्लग मूळच्यापेक्षा दोन नंबर थंड बसवले. त्यानंतर ती गाडी बिघडली नाही, असं नितीनने मला फोनवर सांगितलं. त्याने ते मुनीरभाईंनाही कळवलं होतं. मुनीरभाई त्यावर म्हणाले, "पुन्याची हवा थंडी हाये."

सुधाकर तेल्हाऱ्याला गेला. जुन्या शहरात झालेलं बोलणं त्याच्या आधी पोचलं होतं. ज्याच्यावर गिऱ्हाइकाची गाडी मुद्दाम जाळल्याचा ठपका आहे, त्याच्याकडे कुणी आपली गाडी देईना. मुनीरभाईंनी पुढे दुसरा भागीदार घेतला नाही. दुकान चालू राहिलं. काम कमी झालं, आणि पाटीवर नवा प्लग टांगला गेला नाही. शुक्रवारी दुपारी ते बंद असे, आणि चौदा एप्रिललाही.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. माझी बदली अमरावतीला झाली होती. रुबीनाचा फोन आला, की अब्बांना आणलं आहे, उन्हात समोरचा माणूस ओळखू येत नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. एका धर्मादाय रुग्णालयात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढली त्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. मुनीरभाई पलंगावर बसलेले होते. समोर खुंटीला त्यांचा कुर्ता होता. त्यांनी रुबीनाला विचारलं, "ये नया लाई क्या?"

"नई अब्बा, वोच हय. पुराना."

त्यांनी हाताने उजवा डोळा झाकला आणि कुर्त्याकडे पाहिलं. मग डावा झाकून पाहिलं. असं त्यांनी अनेकदा केलं. रुबीनाला वाटलं, दुखतंय. "दरद होरा क्या?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी नंतर समजावलं, की पिकत चाललेला मोतीबिंदू पिवळ्या काचेसारखा असतो. तो सावकाश पिवळा होतो, म्हणून माणसाला कळत नाही. पांढरं त्यातून बदामी दिसतं. मुनीरभाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "कितने साल से होयेंगा?" डॉक्टर म्हणाले, ते सांगता येणार नाही.

ते मात्र त्यांनी स्वतः शोधलं. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हटलेली मुदत संपल्यावर मी कामासाठी अकोल्याला निघालो, तेव्हा ते माझ्यासोबत आले. वाटेत मूर्तिजापूर गेलं तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत होते. दुकान उघडून त्यांनी पाटी खाली उतरवायला लावली आणि बाहेर उन्हात भिंतीला टेकवली. मधल्या ओळीवर डावीकडून बोट ठेवलं. पहिले कितीतरी प्लग खरोखर बिस्किटाच्या रंगाचे होते. बोट पुढे सरकलं तसे ते फिके होत गेले. एका जागी बोट थांबलं.

"इथून माह्या डोळा गेला," ते म्हणाले.

त्या जागेच्या उजवीकडे बरेच प्लग होते. अगदी शेवटी लाल गाडीचे चार. "पेपरवाले, हे चार कोन्त्या रंगाचे दिसते तुमाले?"

"पांढरे."

"तवा काहून नाई बोलले?"

त्या वेळी मला प्लगमधलं काही कळत नव्हतं, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "ज्याले समजत होतं तो बोलला होता."

उजवा डोळा झाकून ते त्या चार प्लगकडे पुन्हा पाहू लागले. "या डोळ्यानं अजून बी बिस्किट हाये. कसम से. मी खोटं नाई बोललो त्या दिवशी."

त्याच आठवड्यात त्यांनी ते चार प्लग काढून रुमालात बांधले आणि आम्ही तेल्हाऱ्याला गेलो. सुधाकरचं दुकान बसस्थानकापासून थोडं आत, टिनाच्या शेडमध्ये होतं. बाहेर एक ट्रॅक्टर आणि शेतावरच्या पंपाची इंजिनं होती. सुधाकरने मुनीरभाईंना पाहिलं, उठून खुर्ची पुसली आणि बसायला दिली. चहा सांगितला. मुनीरभाईंनी रुमाल सोडून प्लग त्याच्यासमोर ठेवले.

"पांढरे हायेत," ते म्हणाले.

सुधाकर म्हणाला, "हो."

"मले बिस्किट दिसत होते, सुधाकर. मोतीबिंदू होता. बेइमानी नोती माही. हा डोळा अजून तसाच हाये. याच्यातून अजून तसेच दिसते."

"मले नाई दिसत ना तुमच्या डोळ्यातून," सुधाकर म्हणाला.

चहा आला. मुनीरभाई म्हणाले, "माफ कर. चल दुकानात. तू पाह्यजो प्लग, मी पाने देतो."

"आता डिझेलचं काम करतो मी, मुनीरभाई. याले असा प्लगच नसते." सुधाकरचा आवाज चढलेला नव्हता. "काहीच वाचा लागत नाई याच्यात. बरं हाये." मग म्हणाला, "तवा बोलले तं सारी गल्ली होती. माह्या बायकोनं इथं लोकाइच्या तोंडून ऐकलं. आज तुमी हे बोलले, इथं कोन हाये?"

मुनीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. सुधाकर म्हणाला, "हे पेपरवाले तवा बी होते."

निघताना मुनीरभाई प्लग तिथेच ठेवून उठले. सुधाकरने ते रुमालात बांधून त्यांच्या हातात दिले. "तुमच्या पाटीवरचे हायेत. तिथंच लावा."

"कोन्त्या ओळीत?"

"तुमाले माहीत."

परत आल्यावर मुनीरभाईंनी ते चार प्लग होते तिथेच, मधल्या ओळीत, उजव्या टोकाला टांगले. ते तिथले नाहीत हे त्यांना माहीत होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्याचा निकाल चुकला त्यानं नाई हलवायचे. ज्याचा बराबर होता तो येईन अन् हलवीन." त्या जागेच्या उजवीकडचे बाकीचे प्लग त्यांनी एकेक करून वरच्या, पांढऱ्यांच्या ओळीत नेले. फक्त ते चार राहिले.

त्यानंतर ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पाटीसमोर उभं करत. पूर्वीसारखंच, पण वाक्य वेगळं. "हे चार पाहा. नितीनभाऊची लाल गाडी मी जाळली. सुधाकर तायडेनं नाई. त्यानं सांगतलं होतं, म्या ऐकलं नाई." पंक्चर काढायला आलेल्यांनाही त्यांनी हे सांगितलं. बऱ्याच जणांना लाल गाडी आठवत नव्हती, काहींना सुधाकर कोण हेही माहीत नव्हतं. गल्लीतले जुने लोक म्हणत, "हो चाचा, समजलं, झालं ते झालं." ते म्हणत, "झालं नाई." नितीनला त्यांनी फोन केला. नितीन म्हणाला, "मी तवाच इसरलो मुनीरभाई." त्यावर ते रागावले. "तुमी नका इसरू. तुमी गवाह हायेत."

काम जवळपास थांबलं होतं. नवं इंजिन कुणी आणत नव्हतं, आणि आणलं तरी ते प्लग पाहून काही सांगेनासे झाले. भिंग लावायचे, पाहायचे आणि गिऱ्हाइकालाच विचारायचे, "तुले कसा दिसते?" पूर्वी त्यांनी मालकाला गप्प बसवलेलं पाहिलेल्यांना ते विचित्र वाटे.

डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख रुबीनाने दोनदा घेतली. दोन्ही वेळा ते अमरावतीला आले नाहीत. तिने मला समजावायला सांगितलं. मी अकोल्याला गेलो तेव्हा ते दुकानासमोर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "एक डोळा राहू द्या. तो आला तं त्याले सांगा लागन ना, मले कसं दिसत होतं. हा बी साफ केला तं मंग मलेच नाई पटनार."

रुबीनाने फोनवर विचारलं, "अब्बा, उसको तुम्हारी आँख से कैसे दिखाओगे?"

सुधाकर आला नाही. मुनीरभाईंनी त्याला नंतर फोन केल्याची नोंद रुबीनाकडे नाही. त्या वर्षीही चौदा एप्रिलला दुकान बंद होतं. त्यानंतरच्या हिवाळ्यात, वर सांगितलेल्या बुधवारी, फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजनंतर ते पुन्हा आडवे झाले आणि उठले नाहीत.

रुबीनाने ज्यांना फोन केले त्यांत सुधाकर होता. तो दुपारच्या बसने आला. जनाज्यात तो मागे चालत होता. गल्लीतल्या काहींनी त्याला ओळखलं. एकाने त्याला पुढे बोलावून खांदा द्यायला जागा दिली. कब्रस्तानात त्याने इतरांप्रमाणे मूठमूठ माती दिली. माझ्याशी त्याचं बोलणं झालं ते एवढंच, की डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता का, असं त्याने विचारलं. नाही, असं मी सांगितलं. तो घरी आला नाही. तेल्हाऱ्याची बस पकडायची आहे, असं म्हणाला.

तिसऱ्या दिवशी रुबीना, तिचा नवरा आणि मी दुकानावर गेलो. किल्ली मुनीरभाईंच्या कुर्त्याच्या खिशात सापडली होती. कुलूप लावलेलं होतं, तोडलेलं नव्हतं. आत हत्यारं जागच्या जागी होती. भिंग गल्ल्यावर होतं. पाटीवर मधल्या ओळीच्या उजव्या टोकाचे चार खिळे रिकामे होते. लाल गाडीचे चार प्लग वरच्या ओळीत, पांढऱ्यांमध्ये, शेवटी नव्या तारेने बांधून टांगलेले होते.